सतरा लेकरांची तुला

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, फसली सन १३५०. रक्कम साठ रुपये, निजामाचा हाली सिक्का. ठिकाण परभणीचा मोंढा, आमच्या अडत दुकानाची ओसरी. हजर: मोंढ्यातले चार गृहस्थ, वैद्यबुवा आणि मी.

ठरले ते असे. चारठाण्याच्या पुढे दोन कोसांवर एक वाडी आहे. तिला नाव आहे, पण त्या बाजूला तिला नुसती वाडीच म्हणतात. कापसाच्या वेचणीला तिथल्या बाया दिवस उगवायच्या आत रानात जातात. मागे राहिलेल्या लेकरांनी रडू नये म्हणून मोहरीएवढी अफूची गोळी चाटवून त्यांना झोपवायची तिथली रीत. आम्ही सहा जणांनी मिळून गेल्या वर्षी तिथे एक छप्पर घालून दिले. सरूबाई नावाची वाडीतलीच एक विधवा बाई तिथे दिवसभर लेकरे सांभाळते, त्यांना काही शिकवते आणि दुपारी कण्या शिजवून खाऊ घालते. आषाढात वैद्यबुवांनी जाऊन अठरा लेकरांची वजने करून वहीत उतरवली होती. आता पाच महिने झाले. मी जाऊन पुन्हा वजने करायची. बेरीज वाढली असेल तर साठ रुपये सरूबाईला देऊन छप्पर पुढच्या वर्षीही चालवायचे. वाढली नसेल तर रुपये परत आणायचे आणि छप्पर बंद.

मला पाठवले ते मी चांगला माणूस म्हणून नव्हे. तीस वर्षे काट्याशेजारी बसलो आहे, वजनात मला कोणी फसवत नाही, म्हणून पाठवले.

सेलू ते चारठाणा

सेलूपर्यंत आगगाडी. तिथून रामजी नावाच्या म्हाताऱ्या गाडीवानाची बैलगाडी केली. पहाटेच निघालो. काट्याची दोन पारडी मी गोणपाटात गुंडाळली होती, तरी गाडीच्या प्रत्येक गचक्याला ती एकमेकांवर आपटून बारीक वाजत. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आणि तो आवाज मिळून एक झाला. मी घोंगडीत बसल्या बसल्या पेंगू लागलो.

देवगावच्या पुढे धुके इतके दाट झाले की बैलांची शिंगे दिसत, पण बैल दिसत नव्हते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता. धुके कुठे संपते आणि कापूस कुठे सुरू होतो ते कळत नव्हते. मधूनच एखादी बाभूळ उगवायची आणि विरघळून जायची. आमच्या मोंढ्यात कापूस येतो तो गाठोड्यात, धुळीत, भावाच्या आरड्याओरड्यात. तो इतका गुपचूप शेतात उभा असतो हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळले.

"आप्पा," रामजी मागे न बघता म्हणाला, "काटा कशाला आनलाय वो? औंदा कापूस बांधावरच तोलायलाव का काय?"

"कापूस नाही. लेकरं तोलायची आहेत."

रामजीने बैलांची शेपटी सोडली. गाडी आपोआप चालत राहिली.

"लेकरं," तो म्हणाला. आणि चारठाणा येईपर्यंत पुढे एक शब्द बोलला नाही. मला वाटले, म्हाताऱ्याला झोप लागली.

चारठाण्यात गाडी सोडली. बैलांना पाणी दाखवायला रामजी विहिरीकडे गेला आणि मी जुनी देवळे बघायला निघालो. उन्हाची पहिली तिरीप आली होती. धुक्यातून कोरीव खांब एकेक करून पुढे येत होते, जणू कोणी आतून हाक मारतोय आणि ते बाहेर बघायला आलेत. सवयीने मी ते मोजू लागलो. तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. चौथ्यांदा मोजले नाही. तिथेच एका पायरीवर बसून गळ्यातले इष्टलिंग हातात घेतले, पूजा केली, भाकरी आणि जवसाची चटणी खाल्ली. इतके स्वस्थ मला दुकानात कधी वाटले नव्हते.

परत आलो तेव्हा विहिरीवर रामजीभोवती चारपाच बाया उभ्या होत्या. मला बघताच त्या गाठोडी उचलून वाडीच्या वाटेने झपाझप निघाल्या. मी त्याचाही अर्थ लावला नाही.

वाडी, पहिला दिवस

छप्पर चांगले राखले होते. जमीन शेणाने सारवलेली. भिंतीला चिंचोके चिकटवून एकापासून दहापर्यंत रांगा केलेल्या. कोपऱ्यात मातीचे बैल, मातीची जाती, एक मातीची आगगाडीसुद्धा, जी वाडीत कोणी पाहिली नसावी, कारण तिला शिंगे होती. चुलीवर मोठे मडके रटरटत होते. ज्वारीच्या कण्या, त्यात शेंगदाण्याचा कूट आणि हरभऱ्याचा कोवळा पाला.

लेकरू मात्र एकही नव्हते.

सरूबाई चाळिशीची, सडपातळ, आवाजाला खणखणीत. "या आप्पा, बसा," म्हणाली आणि तांब्या पुढे केला. डोळे मात्र बांधाकडे.

"लेकरं कुठं आहेत?"

"येतीन."

मी वही उघडून बसलो. दुपार झाली, कण्या शिजून घट्ट झाल्या, कोणी आले नाही. तिसऱ्या प्रहरी मी वहीत लिहिले: हजर, शून्य.

"बाई," मी म्हणालो, "मी आडपडद्याचा माणूस नाही. छप्पर रिकामं असेल तर रुपये परत जातील."

"ल्याहा की. जे दिसतंय ते ल्याहा." तिने मडके उतरवले. "पर नुसतं वरवर बघून ल्याहू नका. मोंढ्यात पोत्याचं तोंड बघूनच भाव करता व्हय तुमी?"

ते मला लागले. मी उठून पुन्हा सगळे बघितले. फळीवर मातीचे वाडगे पालथे घातले होते. एकेक उचलून पाहिला. सोळा वाडगे आतून ओले होते, कडेला कण्यांचा पापुद्रा. सकाळीच कोणीतरी खाल्ले होते. सतरावा कोरडा होता. त्यात कोळ्याने जाळे विणले होते.

मी शून्य खोडले नाही. पण त्याच्यापुढे लिहिले: सोळा वाडगे ओले, एक कोरडा. कारण समजले नाही.

दुसरा दिवस, कापसात

सकाळी पुन्हा धुके. तोंड धुवून मी बांधाबांधाने चालत गेलो. कापूस छातीइतका. चालता चालता कानावर हसू आले. थांबलो. पुन्हा आले, डावीकडून, मग उजवीकडून, मग अगदी पायाजवळून. माणूस कुठे दिसेना. मी जागा आहे की गाडीतच पेंगतोय असा क्षणभर भ्रम झाला. मग दोन झाडांमधून एक इवलासा हात वर आला, त्याने एक बोंड तोडले आणि तो परत खाली गेला.

झाडे बाजूला केली तर ती सगळी तिथे. खाली कोरड्या पाल्यावर गोलात बसलेली सोळा लेकरे, डोक्यात कापूस, तोंडात बोरे, आणि मधोमध तीसेक वर्षांची एक बाई. मला बघताच कोंबडी पंख पसरते तसे तिने हात पसरले.

"म्होरं येऊ नगा."

"मी परभणीचा..."

"ठावं हाय. काटेवाले तुमी. इहिरीवर कळलं तवाच समदी हितं आनली म्या."

"का पण?"

एक लहान पोरगा मोठ्याने म्हणाला, "गंगूमावशी म्हनती, काट्यात बसलं की मरतेत."

गंगू. वहीत नाव होते: गंगूचा बाळू, साडेदहा शेर. पुढे वैद्यबुवांच्या अक्षरात दुसऱ्या शाईने: श्रावणात तापाने वारला. हे वाचून मी बेरजेतून साडेदहा वजा केले होते. बाकी काही केले नव्हते.

"वैद्यबुवांच्या काट्यानं ताप येत नाही, बाई," मी म्हणालो. बोलता बोलताच ते कोरडे वाटले.

"ते मला बी कळतं." तिचा आवाज चढला नाही. "मी काय येडी हाय? पर माज्या लेकराला लोखंडानं तोललं. एका अंगाला बाळू आन दुसऱ्या अंगाला लोखंड. बाजारात तोलतेत ते इकायला तोलतेत, आप्पा. देवाम्होरं तोलतेत ते घरी न्यायला. लेकरू तोलायचं तर दुसऱ्या पारड्यात कायतरी वाटायचं ठिवावं लागतं. गूळ न्हाईतर दानं. तुमच्यात न्हाई का करत?"

करतो. माझ्या थोरल्याची तुला मी स्वतः केली होती, गुळाने, मंदिरात. गोवरातून उठला तेव्हाचा नवस. सगळ्या आळीला गूळ वाटला होता. हे मला इतकी वर्षे ठाऊक असून काटा गोणपाटात बांधताना आठवले नाही, कारण काटा म्हटला की मला मोंढाच दिसतो.

मी तिथेच पाल्यावर बसलो. एका पोरीने माझ्या हातावर एक बोर ठेवले. ते किडके होते. मी खाल्ले.

तिसरा दिवस, पारावर

माझा पहिला तोडगा हिशेबी होता. पारावर बाया जमल्या, तेव्हा मी सांगितले: चारठाण्याहून पंधरा शेर गूळ आणू, आणि त्याच गुळाने सतरा जणांना एकामागून एक तोलू.

पाटलीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "एकाच गुळावर सतरा तुला! आप्पा, देव काय तुमचं कूळ हाय का? मोंढ्यातलेच शोभता बगा."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. दुसरे करण्यासारखे नव्हते.

"मग प्रत्येकाला नवा गूळ आणायचा तर पाच मण लागेल," मी म्हणालो. "साठातले वीस-बावीस रुपये त्यातच जातील. मग लेकरांच्या कण्यांना काय?"

तेव्हा सरूबाई बोलली. "गूळच काहून पायजे? घरात हाय ते आना. कुनी जवारी, कुनी तुरी, कुनी शेंगा. आपापल्या लेकराच्या वजनाचं. तुला झाली की वाटायचं असतंच न्हवं? ते माज्या मडक्यात वाटा."

मग पाटलीणबाई उठल्या. "माजा बंडू जाड हाय," त्या म्हणाल्या. "मला पोतंच उचलावं लागतंय वाटतं."

"तरी म्हनलं व्हतं, त्याला कमी चारा," मागून कोणीतरी म्हणाले.

देवळासमोर तीन बांबूंची तिकटी उभी केली. रामजी, जो दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता, त्याने पारड्यांत गोणपाटाऐवजी स्वतःचे धुतलेले उपरणे अंथरले. आधी लेकराबरोबर धान्य तोलायचे, मग ते धान्य बाजूला माझ्या वजनांनी मोजून आकडा घ्यायचा. लेकरू आणि लोखंड समोरासमोर येणार नाहीत. दुप्पट वेळ लागला, पण चुकायला जागा राहिली नाही.

ते दृश्य मी अजून डोळे मिटले की बघतो. उन्हे पिवळी झाली आहेत. एका पारड्यात ज्वारी, दुसऱ्यात लेकरू, आणि दोन्ही जमिनीपासून वीतभर वर तरंगत आहेत, हळूहळू वर, हळूहळू खाली, जसा कोणी झोपेत श्वास घेतो. प्रत्येक लेकरू पारडे उचलले की आधी घाबरायचे आणि मग हसायचे. बंडूला तर उतरायचेच नव्हते. त्याचा पाय ओढताना पाटलीणबाईंची ज्वारी सांडली आणि वाडीतल्या कोंबड्यांचीही तुला झाली असे रामजी म्हणाला. गंगू तिकटीचा एक बांबू धरून उभी होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिने तो सोडला नाही.

सोळा लेकरे झाली. आषाढात या सोळांची बेरीज एकशे साडेसत्त्याहत्तर शेर होती. आता एकशे नव्वद.

"सतरावी?" मी विचारले. "छबी, सखूची. आषाढात साडेनऊ शेर."

बायांनी एकमेकींकडे बघितले.

"ती श्रावनापासून येत न्हाई," सरूबाई म्हणाली. "बाळू गेला तशी सखूनं भ्येऊन नेली तिला. रानातच ठिवती, झोळीत."

चौथा दिवस

सखूचे कोणी नव्हते. नवरा दूर कामाला गेला तो आलाच नाही, माहेर बुडालेले. दुसऱ्याच्या रानात वेचणीला जायची. तिला गंगूच जाऊन घेऊन आली. काय बोलली ते मला ठाऊक नाही. दोघी बांधावरून येताना दिसल्या तेव्हा छबी गंगूच्या खांद्यावर होती.

तीन वर्षांची मुलगी, पण दीडची दिसे. डोळे अर्धे मिटलेले. सरूबाईने तिच्या तोंडाशी नाक नेले आणि माझ्याकडे बघितले. अफू चाटवली होती, हे मला समजले.

"माज्याकडं दानं न्हाईत," सखू म्हणाली. "वेचनीचं अजून मिळालं न्हाई. कशानं तोलू?"

मी आदल्या संध्याकाळीच रामजीला चारठाण्याला पिटाळले होते. त्याने दहा शेर गूळ आणला होता, चांगला पिवळाधमक. मी ढेप पारड्यात ठेवली. गंगूने छबीला दुसऱ्या पारड्यात ठेवले. ती तशीच मुटकुळे करून पडली. गुळाचे पारडे खाली गेले. मी सुरीने थोडा गूळ कापला, मग आणखी थोडा.

गुळाचा वास हवेत होता. छबीचे नाक हलले. मग तिने डोळे उघडले, बरेच उघडले, आणि पारडे समोर आले तसा हात लांब करून एक खडा उचलून तोंडात घातला.

"आगं आगं," बाया ओरडल्या आणि हसू लागल्या.

वजन चालू असताना मालाला हात लावायचा नाही हा मोंढ्याचा नियम आहे. तीस वर्षांत मी तो कोणाला मोडू दिला नाही. त्या दिवशी मी दुसरीकडे बघत होतो.

वजन सव्वानऊ शेर. आषाढापेक्षा पाव शेर कमी.

हे लिहिताना माझा टाक अडला. बाकी सोळा छपरात आली, जेवली आणि वाढली. ही एक आली नाही. का आली नाही, तर आम्ही वजन कसे करावे हे न विचारता वजन केले म्हणून. तो पाव शेर वाडीने खाल्ला नव्हता, सखूनेही नाही. तो आमच्या काट्याने खाल्ला होता. मी वहीत तसेच लिहिले.

गूळ फोडून लेकरांना वाटला. सखू पाराच्या कडेला बसली होती. सरूबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने तळहात पुढे केला. सखूने पदराची गाठ सोडली. त्यात कागदाची पुडी होती. ती तिने बराच वेळ मुठीत धरली. समोर छबी मातीच्या शिंगवाल्या आगगाडीला गूळ भरवत होती. मग सखूने मूठ उघडली.

"उद्यापून आनीन," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आप्पा, तुला मामानं करायची असती. माज्या माहेरचं कोन न्हाई. तुमी केली. आता तुमीच मामा."

"बरं," मी म्हणालो.

निघताना सरूबाईने सतरावा वाडगा फळीवरून काढला, जाळे पुसले आणि घासून उन्हात ठेवला. गाडी वळेपर्यंत तो मला दिसत होता.

परभणी

परतल्यावर त्याच ओसरीवर, त्याच पाच जणांपुढे वही वाचली. सतरा लेकरांची आषाढातली बेरीज एकशे सत्त्याऐंशी शेर. आताची एकशे नव्याण्णव शेर आणि वर पाव. वाढ सव्वाबारा शेर. सोळा तुलांचे धान्य चार मण तीस शेर, रोज दोन शेर शिजवले तर तीन महिने पुरेल. घट एका लेकराची, पाव शेर. कारण वर दिले आहे. ते वाचले तेव्हा वैद्यबुवांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "पुढच्या वेळी मीही दाणे घेऊन जाईन."

साठ रुपये हाली सरूबाईंना पोचले, त्यांचा अंगठा घेतला आहे. सेलूपर्यंतचे जाण्यायेण्याचे गाडीभाडे आणि रामजीची गाडी यांचा खर्च सभेने मला दिला.

राहिला गूळ. दहा शेर, एक रुपया दोन आणे, चारठाण्याच्या दुकानदाराला रोख. सभेतले एक गृहस्थ म्हणाले, आप्पा, हाही आमच्याकडे लावा. मी नाही म्हटले. भाचीच्या तुलेचे पैसे मामा दुसऱ्याकडून घेत नाही.